पाण्याचा हबका

शुभदानं उंदराला शेपटीच्या बुडाशी धरून फळीवर सोडलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. फळी चार बोटं रुंद आणि पुरुषभर लांब. उंदीर क्षणभर थबकला, मिशा हलवल्या आणि सरळ पलीकडच्या टोकाला चालत गेला. तिनं वहीत खूण केली. औषध दिलेल्या चाळीस उंदरांपैकी न अडखळता फळी पार करणारा हा तेहतिसावा.

"शाबास रे पठ्ठ्या," ती म्हणाली. उंदरांशी बोलायची सवय तिला गेल्या चार महिन्यांत लागली होती. घरी नवऱ्याशी बोलताना अलीकडे प्रत्येक वाक्य तोलून मापून बोलावं लागे, त्याची ही भरपाई असावी.

तिच्या मागे कल्लाप्पा भुशाची पाटी घेऊन उभा होता. पाटी रिकामी करून केव्हाच जायला हवं होतं, पण तो जागचा हलत नव्हता. कल्लाप्पा निपाणीकडचा, पन्नाशीचा गृहस्थ. वीस वर्षं चामराजपेटेत राहून संशोधन संस्थेतले उंदीर आणि ससे सांभाळत होता. शुभदा त्याच्या मुलीच्या वयाची, तरी तो तिला अक्का म्हणे.

"अक्का, एक बोलायचं हुतं."

"बोला ना, कल्लाप्पा."

"गुरुवारी तुमच्या साहेबांस्नी हेच औषद देनार, व्हय?"

"हेच. का?"

"न्हाई, म्हंजे..." त्यानं पाटी खाली ठेवली. "औषद दिल्यावर तितं पानी कोन मारनार?"

शुभदाला वाटलं, हा काहीतरी भलतंच समजला आहे. तिनं उंदीर पिंजऱ्यात टाकला आणि वही मिटली.

"कसलं पाणी?"

"तोंडावर मारायचं. त्या सुईनं ही समदी मान टाकत्यात बगा. पहिल्या दिशी मला वाटलं, गेलीच. तुमी तिकडं च्या प्यायला गेलता. म्या लई घाबरलो. मग पान्याचा हबका मारला, गोनपाट भिजवून अंगावर टाकलं आन् पिंजरा खिडकीत ठेवला. स्वल्प वारं लागलं की हुशार हुतील म्हनून. तवा कुठं जगली."

"पहिल्या दिवशी फक्त?"

"रोज की! एक दिस चुकवला न्हाई." हे सांगताना त्याचा चेहरा जरा उजळला. "तुमी यायच्या आदी फडक्यानं पुसून घ्यायचो. वल्या उंदराला हात लावायचा म्हंजे तुमांस्नी कसंतरी हुनार."

"आणि ज्यांना औषध देत नाही, ते उंदीर?"

"ती तर टुकटुकीत असत्यात. त्यास्नी कशाला पानी?"

शुभदानं मिटलेली वही पुन्हा उघडली. सकाळी आठला ती सुया टोचत असे. औषध अंगात भिनायला दीड तास लागे. तेवढा वेळ ती वर ग्रंथालयात बसे, चहा घेई, आणि साडेनऊला येऊन एकेका उंदराला भूल देऊन त्याच्या मानेतली एक रक्तवाहिनी बांधी. मग त्याला प्राणवायू कमी असलेल्या काचेच्या हंडीत काही मिनिटं ठेवी. मेंदूला रक्त कमी पडलं की पेशी मरतात. त्या औषधानं वाचतात का, एवढंच तिला पाहायचं होतं. दोन्ही गटांत फरक फक्त औषधाचा असायला हवा होता. तो चार महिने पाण्याचाही होता, गोणपाटाचाही होता आणि खिडकीचाही होता.

"कुणी सांगितलं होतं तुला?" ती ओरडली. "कुणी सांगितलं होतं त्यांना हात लावायला?"

कल्लाप्पाला तिनं आजवर कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पिंजऱ्यांकडे.

"जीव हाय की, अक्का," तो हळूच म्हणाला. "डोळ्यांदेखत मरू कसं द्यायचं?"

ती तडक बाहेर व्हरांड्यात गेली.

तिच्या नवऱ्याच्या, नंदकिशोरच्या, मानेवरची गाठ पहिल्यांदा दिसली ती दिवाळीच्या आधी, दाढी करताना. जबड्याखाली उजवीकडे, सुपारीएवढी. बोट ठेवलं की आत ठोके लागत. चौतीस वर्षांचा, सरकारी कारखान्यात इंजिनिअर असलेला हा माणूस दोन आठवडे ती गाठ कॉलरखाली लपवून हिंडला. शुभदाच्या लक्षात आली तोवर ती आवळ्याएवढी झाली होती.

डॉक्टर शेषगिरी म्हणजे शहरात मानेच्या आणि डोक्याच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्याकडे जायचं ते. बाजाराजवळच्या एका इस्पितळात त्यांनी नंदकिशोरला तपासलं. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची भिंत एका जागी पातळ होऊन फुगली होती. फुगा फुटला तर माणूस काही मिनिटांत संपणार. तो कापून रक्तवाहिनी शिवायची तर वीसेक मिनिटं तिच्यातून वाहणारं रक्त थांबवावं लागणार. डाव्या बाजूचं रक्त तेवढा वेळ पुरेल का, हे बघायला त्यांनी नंदकिशोरच्या हातात वर्तमानपत्र दिलं, मोठ्यानं वाचायला सांगितलं आणि अंगठ्यानं ती रक्तवाहिनी दाबून धरली. चाळिसाव्या सेकंदाला त्याच्या डाव्या हातातून कागद सुटला. तो वाचत होता त्या वाक्याचा पुढचा भाग नुसतं बोबडं पुटपुटणं झालं. डॉक्टरांनी अंगठा काढला. पुन्हा नीट बोलायला त्याला मिनिटभर लागलं, आणि आपण बोबडं बोललो हे त्याला आठवतही नव्हतं. शुभदाला ते पक्कं आठवत होतं.

"रोग्याला बर्फाच्या टबात गार करून पाहता येतं," डॉक्टर म्हणाले होते. "मेंदू थंड असला की त्याची भूक कमी होते. मी दोघांना तसं केलं. दुसऱ्याचं हृदय टबातच थांबलं. मी पुन्हा बर्फाला हात लावणार नाही."

तेव्हा शुभदानंच आपल्या उंदरांची गोष्ट काढली होती. औषध जुनंच होतं, मनोरुग्णांना शांत करायला देत असत. त्यानं मेंदूच्या पेशी तग धरतात का, हे काम तिच्या विभागात सप्टेंबरपासून सुरू होतं, नंदकिशोरच्या गाठीशी त्याचा काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी तिचा अहवाल मागवून घेतला, दोनदा वाचला आणि गुरुवार ठरवला. तिला त्या दिवशी एवढा आनंद झाला होता की घरी जाताना तिनं मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसच्या गल्लीत गजरा घेतला होता.

आज सोमवार होता.

ती आत आली तेव्हा कल्लाप्पा कोपऱ्यात भांडी घासत होता. तिनं अठरा उंदीर बाजूला काढले. नऊ मिनिटांपूर्वीचं ओरडणं दोघांच्या मध्ये उभं होतं, पण ते बाजूला सारायला तिच्याकडे वेळ नव्हता.

"कल्लाप्पा, रोज करता तस्संच करायचं. माझ्यासमोर."

"नगं, अक्का."

"करा म्हणते ना!"

सहा उंदरांना तिनं औषध देऊन कापसात गुंडाळून दिव्याखाली ठेवलं. सहांना औषध देऊन कल्लाप्पाच्या हवाली केलं. उरलेल्या सहांना औषध न देता नुसतंच भिजवलं. कल्लाप्पानं ओंजळीत पाणी घेतलं, हबका मारला, गोणपाट पिळलं आणि पांघरलं. कुणी बघत असताना ते करायची त्याला सवय नव्हती. त्याचं निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. शुभदानं पंधरा पंधरा मिनिटांनी थर्मामीटर लावला. हे तिनं चार महिन्यांत एकदाही केलं नव्हतं. औषधानं अंग जरासं गार पडतं हे पुस्तकात छापलेलं होतं. उंदीर हाताला गार लागत तेव्हा तिला पुस्तक आठवे, आणि पुस्तक आठवलं की मोजायची गरज वाटत नसे. शिकलेल्या माणसाचा आळस असा असतो.

कापसातले उंदीर सदतिसाच्या आसपास राहिले. नुसते भिजवलेले उंदीर अंग फुगवून थरथर कापत बसले आणि कापून कापून त्यांनी आपली ऊब टिकवली. औषध आणि पाणी दोन्ही मिळालेले मात्र मुळीच कापले नाहीत. त्यांचा पारा उतरत गेला आणि एकतीसवर येऊन थांबला. दुपारपर्यंत तिनं सगळ्यांच्या रक्तवाहिन्या बांधून त्यांना हंडीतून काढलं.

मंगळवारी सकाळी तिनं ते एकेक करून फळीवर सोडले. कापसातल्या सहांपैकी एक मेला होता, चार उजवीकडे गोल गोल फिरत होते आणि एकच चालला. नुसत्या भिजवलेल्यांतले दोन चालले. कल्लाप्पाच्या हातातल्या सहांपैकी पाच सरळ चालत गेले. तिनं त्यांना पुन्हा चालवलं, आणि पुन्हा. दरवेळी तेच. औषध मेंदूला वाचवत नव्हतं. औषध फक्त थरथर थांबवत होतं, म्हणजे गारवा आत शिरायला वाट मोकळी होत होती. वाचवत होता तो गारवा.

परवा नंदकिशोरला औषध देणार होते, ते कोरड्या, उबदार खोलीत, चांगलं जाड ब्लँकेट पांघरून. गोल फिरणारा एक उंदीर फळीवरून खाली पडला. तो उचलायला ती वाकली आणि तशीच जमिनीवर बसून राहिली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नंदकिशोर खाटेवर कागद पसरून बसला होता. विम्याची पॉलिसी, रेडिओचा परवाना, कारखान्यातल्या भविष्य निधीचं पुस्तक. प्रत्येकावर तो पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहीत होता. आपल्या माघारी बायकोला कुणाला विचारावं लागू नये, असा त्या लिहिण्याचा उघड हेतू होता, आणि तो तिच्यापासून लपवायला त्याला जमत नव्हतं.

"उंदीर काय म्हणतात तुझे?" त्यानं विचारलं.

तिनं ठरवलं होतं की जेवणानंतर सांगू. पण तिनं चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. हबका, गोणपाट, खिडकी, सगळं. नंदकिशोर ऐकत राहिला. मान कमी हलवायची असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तो बाजूला बघायचं झालं तर सगळं अंग वळवत असे. तसा वळून तो तिच्याकडे बघत होता.

"म्हणजे तुम्ही लोक मोटर तपासत होतात आणि मागे कुणीतरी पंखा चालू ठेवला होता," तो म्हणाला.

"अहो, चेष्टा कसली करता?"

"चेष्टा नाही करत. आमच्याकडेही असं होतं." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "शेषगिरींना सांगितलंस तर ते हात लावणार नाहीत."

"नाही लावणार."

"आणि नाही सांगितलं तर?"

तिच्या डोळ्यांसमोर तो फळीवरून पडलेला उंदीर आला. "तर तुम्ही उठाल," ती म्हणाली. "पण जे उठेल ते तुम्हीच असाल का, ते मला सांगता येत नाही."

बाहेर शेजारच्या मुली संक्रांतीसाठी उसाचे तुकडे करत होत्या, त्यांचं कन्नडमधलं भांडण खिडकीतून ऐकू येत होतं. नंदकिशोरनं बोटांनी गाठ चाचपली. त्याला वाटायचं की हे तो कुणाच्या नकळत करतो.

"मला भीती वाटते, शुभा," तो म्हणाला. लग्नाच्या सहा वर्षांत त्यानं हे पहिल्यांदाच म्हटलं. "फुटेल याची वाटते, आणि कारखान्यात जाऊन मी मुलासारखं बोबडं बोलेन याची त्याहून जास्त वाटते. पण तू उद्या जाऊन सांग."

"ते रद्द करतील."

"करू देत. खोट्या भरवशावर मला झोपवू नकोस."

बुधवारी डॉक्टर शेषगिरींनी तिचं बोलणं ऐकून घेतलं. ते उंच होते, शांत होते, इंग्रजीत बोलत. राग आला की कन्नडवर येत असं नर्सेस म्हणत. त्या दिवशी ते कन्नडवर आले.

"चार महिने तुम्ही तापमान मोजलं नाही?"

"नाही."

"का?"

"पुस्तकात होतं. म्हणून मोजावंसं वाटलं नाही."

त्यांनी अहवालाची फाइल बंद केली आणि तिच्याकडे सरकवली. "ऑपरेशन रद्द. तुमच्या नवऱ्याला सांगा, जड उचलू नका, रागावू नका. याहून जास्त माझ्या हातात नाही."

शुभदानं फाइल उचलली नाही. बसमध्ये येताना तिनं जे मनाशी घोळवलं होतं ते सगळं विसरायला झालं होतं. फक्त एक आकडा आठवत होता.

"तुमचा तो रोगी," तिनं विचारलं, "टबात किती अंशांवर गेला?"

"अठ्ठावीसच्या खाली. बर्फ एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही."

"आमचे एकतीसच्या खाली गेले नाहीत. त्यांना बर्फ लावला नव्हता. ओलं कापड आणि वारा. थरथर औषधानं थांबली, म्हणून तेवढ्यावर भागलं."

"अठरा उंदीर घेऊन तुम्ही मला हे सांगताय."

"अठरा नाहीत." आपला आवाज चढतो आहे हे तिला कळत होतं. "आधीचे चाळीसही असेच भिजवलेले होते. मला माहीत नव्हतं एवढंच. डॉक्टर, तेहतीस चालले ते खोटे नाही चालले. अहवालात एक ओळ लिहायची राहिली होती. ती मी आज सांगायला आले आहे."

डॉक्टर खिडकीशी गेले. खाली बाजारात हातगाड्यांवर ऊस आणि तीळ-गूळ-खोबऱ्याचे ढीग लागले होते. शुभदाला एकच वाटत होतं, की यांनी हो म्हटलं आणि आपलं चुकलं तर नंदकिशोरला आपणच मारलं, आणि नाही म्हटलं तरी तेच.

"माणूस उंदरापेक्षा मोठा असतो," शेवटी ते म्हणाले. "सावकाश गार होतो. तीन तास लागतील. पाणी कोण मारत होतं?"

"कल्लाप्पा. पिंजरे सांभाळतात."

"सरी, ठीक आहे. त्यांना उद्या सकाळी सहाला घेऊन या. माझ्या नर्सेसना रोग्याला पांघरूण घालता येतं. काढून घ्यायला सांगितलं तर त्या रडतील."

त्या दुपारी कल्लाप्पाला निरोप देताना शुभदानं नुसतं एवढंच सांगितलं, की मोठ्या डॉक्टरांनी उद्या बोलावलं आहे. त्याहून जास्त बोलायला तिच्या अंगात त्राण नव्हतं. कल्लाप्पानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. तो काही विचारायला तोंड उघडेपर्यंत ती बस पकडायला गेली होती.

गुरुवारी तो आला तो धुतलेलं धोतर, बंद गळ्याचा कोट आणि फेटा घालून. कचेरीत साहेबापुढे उभं राहायचं असलं की माणसं येतात तसा. नंदकिशोरला सुई दिली होती, त्याचे डोळे मिटले होते. शुभदा थर्मामीटर घेऊन उशाशी उभी होती. इस्पितळातले थर्मामीटर पस्तिसाच्या खाली उतरत नसत, म्हणून तिनं उंदरांचाच धुऊन, उकळत्या पाण्याला न लावता स्पिरिटनं पुसून आणला होता.

"काय करायचं ते दाखवा यांना," डॉक्टर म्हणाले.

कल्लाप्पानं एकदा शुभदाकडे पाहिलं. मग कोट काढून खुंटीला लावला आणि बाह्या सारल्या. बादलीत चादर भिजवून त्यानं पिळली, फार नाही, थोडीच, आणि नंदकिशोरच्या उघड्या अंगावर अलगद पसरली. एका नर्सनं तोंड फिरवलं. टेबलफॅन लावला गेला. चादर सुकत आली की दुसरी, ती सुकली की तिसरी. सात वाजले, आठ वाजले. पारा छत्तीस, पस्तीस, चौतीस झाला. नंदकिशोर कापत नव्हता. त्याचे ओठ निळसर पडत चालले होते आणि शुभदाला ते बघवत नव्हतं.

तेहतीसवर पारा अडला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, तो हलेना. डॉक्टर दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "दहापर्यंत थांबतो. नंतर रद्द."

कल्लाप्पा चादर बदलायला वाकला होता. त्यानं हात नंदकिशोरच्या पाठीखाली घातला आणि तसाच थांबला.

"अक्का, खाली घोंगडी हाय."

डॉक्टर वळले. "ती कुणी घातली?"

पहाटे नंदकिशोरला इथे आणलं तेव्हा लोखंडी टेबल त्याच्या पाठीला गार लागेल म्हणून तिनंच ती घातली होती. घरून पिशवीत घालून आणली होती. तिला बर्फाचं, चादरींचं, पंख्याचं सगळं पाठ होतं, आणि तरी घातली होती. घालताना आपण काय करतो आहोत हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मी," ती म्हणाली.

कल्लाप्पानं आणि तिनं मिळून नंदकिशोरला कुशीवर वळवलं आणि घोंगडी ओढून काढली. ती त्याच्या अंगाच्या उबेनं चांगली गरम झाली होती. कल्लाप्पानं तिची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली. त्याच्या नजरेला नजर द्यायला तिला फार जड गेलं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना पारा एकतीस झाला. त्यांनी नंदकिशोरला आत नेलं.

पुढचे तीन तास शुभदा बाकावर बसून होती. दाराच्या काचेला आतून पांढरा रंग दिलेला होता. कल्लाप्पा बाकावर बसायला तयार नव्हता, तो भिंतीशी उकिडवा बसला. तिला त्याच्याशी बोलायचं होतं. कशापासून सुरुवात करायची हे तिला कळेना. एकदा ती म्हणाली, "काही खाल्लंत का?" तो म्हणाला, "खाल्लं, अक्का." त्यानं खाल्लं नव्हतं.

एक वाजता डॉक्टर बाहेर आले. रक्तवाहिनी शिवली होती. रक्त सतरा मिनिटं बंद होतं. "शिवण चांगली झाली आहे," ते म्हणाले. "आतलं मला माहीत नाही. ते तो उठल्यावरच कळेल." ते कन्नडमध्ये बोलले, पण या वेळी रागावलेले नव्हते, दमले होते.

चार वाजले तरी नंदकिशोर उठला नव्हता. मानेभोवती पट्ट्या होत्या, चेहरा मेणासारखा पडला होता. हळूहळू ऊब येऊ द्यायची म्हणून अंगावर एकच पातळ चादर होती. शुभदा त्याच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसली होती. तो हात चादरीखाली होता. तो उचलून बघायचं धाडस तिला होत नव्हतं. साडेचारला त्याच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले आणि छताकडे लागले. त्यांत ओळख आहे की नाही हे तिला कळेना. तिनं त्याचं नाव घेतलं नाही, सहा वर्षांत कधी घेतलं नव्हतं. आज घ्यावं का, असा विचार करत ती तोंड उघडून तशीच बसली.

"शुभा," तो म्हणाला. जीभ जड होती. मग बराच वेळ काही नाही. मग, "केवढा गारठलोय मी. कुणी भिजवलं मला एवढं?"

पूर्ण वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जिथल्या तिथे. शुभदाला हसू फुटलं आणि त्या हसण्याचंच रडू झालं. आवाज आवरायला तिनं तोंडावर पदर धरला.

"कल्लाप्पांनी," ती कशीबशी म्हणाली. "कल्लाप्पांनी भिजवलं तुम्हाला."

कल्लाप्पा दारात उभा होता. सकाळपासून तो इस्पितळातून हलला नव्हता, बोलण्याचा आवाज ऐकून आत आला होता. त्यानं अक्काला रडताना पाहिलं, आपलं नाव ऐकलं, आणि पाणी मारल्याचा जाब द्यावा लागणार ही चार दिवसांची भीती त्याला अखेर खरी झाल्यासारखी वाटली. त्यानं फेटा काढून काखेत धरला आणि हात जोडले.

"चुकलं, साहेब," तो म्हणाला. "जीव राहवला न्हाई म्हनून केलं. परत न्हाई करनार."

नंदकिशोर त्याच्याकडे बघत राहिला. हा माणूस कोण, हे सावकाश त्याच्या ध्यानात येत होतं. मग चादर हलली. त्यानं आधी उजवा हात बाहेर काढला, आणि त्याच्यामागून, जरा उशिरा, डावा, आणि दोन्ही जोडून कल्लाप्पाला नमस्कार केला.